वजाबाकी

आधी यंत्र लावायचंच नाही.
दार ओढायचं, दोन पंखे सोडायचे,
मधोमध सहा उदबत्त्या पेटवायच्या,
आणि मोजणीपेटीवर आकडा आठशेला टेकला
की त्या ओल्या वाळूत खुपसून
आपण बाहेर.
निपाणीत मगदूमांच्या वखारीची मागची खोली,
बावीस फूट बाय चौदा, वर पत्रा.

काचेतून दर मिनिटाला लिहीत गेले.
आठशे. सातशे नव्वद.
सातशे ऐंशीच्या आसपास बराच वेळ.
खोली आपली आपण निवळते, सावकाश,
पत्र्याच्या फटीतून, कोपऱ्यातल्या जाळ्यांवर,
गिलाव्यावर बसत बसत.
तो हिशेब आधी मांडावा लागतो,
नाहीतर भिंतीचं श्रेय
यंत्र घेऊन जातं.

दुसऱ्या फेरीला यंत्र चालू.
पांढरं, उभट, नव्या नवरदेवासारखं.
खोक्यावर छापलेलं: एवढ्या चौरस फुटांना पुरेल.
कुणाच्या फुटांना, ते नव्हतं.
आकडा भराभर उतरला,
अकरा मिनिटांत निम्मा.
दोन उतारांची वजाबाकी केली
की उरतं ते यंत्राचं काम.
मालकांचा मुलगा खूश.
‘पास म्हणून लिवा की मॅडम.’

बायका तोवर बाहेर पडवीत बसून होत्या.
‘आमी आत नसताना कसलं मोजायलायसा?’
बाळाक्का म्हणाली.
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

मग तिसरी फेरी, जी कागदावर नव्हती.
अकरा जणी आत. चाळण्या सुरू.
तंबाखूची भुकटी तिरप्या उन्हात सोनेरी दिसते,
हे लिहायला नको होतं,
पण दिसते.
यंत्र ओढत राहिलं, चाळणी फेकत राहिली,
आकडा आठशेवर बूड टेकून बसला.
निंगव्वा शिंकली आणि कन्नडात देवाला हाक दिली,
शेवंता मराठीत शिंकली.
धुळीला मात्र दोघी एकाच नावानं ओळखतात,
शेवटच्या उकाराचा काय तो फरक.

जेवणाच्या सुट्टीत चाळण्या थांबल्या.
यंत्र बंद केलं, उदबत्त्या पुन्हा लावल्या,
विझवल्या, आणि म्हटलं, आतच बसा थोडा वेळ.
त्या बसल्या. भाकरी, खर्डा,
मेहबूबीच्या डब्यातलं लोणचं हातोहात फिरलं.
आकडा उतरू लागला,
रिकाम्या खोलीपेक्षा
किंचित लवकर.

मी पुन्हा तपासलं.
फटी त्याच. जाळी तीच. गिलावा तोच.
जास्तीची गाळणी कुठली
ते कळेपर्यंत शेवंताचं खाऊन झालं होतं.
बावीस फुप्फुसं.
फरक इतका बारीक
की पेटीच्या चुकीच्या मर्यादेत बसतो.
अहवालात धरत नाहीत.

यंत्रातल्या गाळणीचं बरं असतं.
तीन महिन्यांनी बाहेर काढावी,
तराजूवर टाकावी, किती खाल्लं बघावं,
नवी घालावी.

बाळाक्का हात धुऊन आली.
पदराची दुहेरी घडी केली,
मोजणीपेटीच्या नळीवर धरली,
जशी सकाळपासून तोंडावर धरते.
‘आता हे मोज.’
सहाशे चाळीसचे चारशे दहा झाले.
‘किती?’
सांगितलं. ती हसली नाही.
‘म्हंजे निम्मं बी नाही,’ म्हणाली,
आणि चाळणीकडे गेली.

बेळगावला परतताना बसमध्ये
तक्ता मांडीवर घेऊन भरला.
यंत्राचा प्रकार: पदर, सुती, दुहेरी, धुऊन विरलेला.
कंपनीच्या रकान्यात काही लिहिलं नाही.
कधीपासून वापरात:
तेहतीस वर्षं.
गाळणी बदलल्याची तारीख,
असा एक रकाना होता शेवटी.
हत्तरगीच्या आसपास बस थांबली,
मी पेन तिथंच टेकवून बसले,
शाईचा ठिपका पसरत गेला.